पाव फेरा आत

खांद्याला ओला हात लागला तेव्हा त्याने डोळे उघडले. मशीन गुडघ्याखाली दाबलेलं, बोट रेसवर पूर्ण आवळलेलं, आणि समोर ती बाई उभी. तिचं तोंड हलत होतं. किती वेळ हलत होतं कोण जाणे. त्याने बोट सोडलं, स्विच पाडला. इंजिन थांबलं तसं तिचं बोलणं मधूनच ऐकू यायला लागलं.

"...कळत नाही का तुम्हाला? कधीची ओरडतेय मी!"

"काय झालं वहिनी?"

"किंचाळतंय ते. असा आवाज नव्हता त्याचा कधी."

तो हसला. गिऱ्हाईक काहीबाही बोललं की तो असाच हसायचा, ओठ न उघडता, आणि समोरचा आपोआप गप्प व्हायचा. या शहरात मोठी चेनसॉ मशीनं चालवणारे जेवढे म्हणून लाकूडकापे होते ते सगळे गेली पंचवीस वर्षं त्याच्याकडे येत, त्याला मेस्त्री म्हणत, आणि तो डोळे मिटून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला लागला की बोलणं थांबवत. मीटर नाही, काही नाही. नुसता कान. धाकट्या भावाने एकदा आवाजावरून इंजिनाचे फेरे मोजणारा मीटर आणला होता, तर याने तो सगळ्यांदेखत भंगाराच्या बादलीत टाकला होता. आणि आता ही बाई, जिने जन्मात कधी स्क्रूड्रायव्हर धरला नसेल, कणकेचे हात घेऊन बाहेर येते आणि त्याला सांगते, किंचाळतंय.

बाईचा नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला. लंबू म्हणायचे त्याला. पडलेली झाडं विकत घ्यायची, मागच्या अंगणात आणायची, ओंडका उभा चिरून चार बोटं जाडीच्या अखंड फळ्या काढायच्या, टेबलं करणाऱ्या सुतारांना द्यायच्या, हा त्याचा धंदा. मेस्त्रीकडे मशीन कधी आणलं नाही त्याने. स्वतःचं स्वतः लावायचा, म्हणून मेस्त्रीचा त्याच्यावर जुना राग. पण मशीन मात्र असं की ज्याचं नाव ते. एकशेवीस सीसी, साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी, म्हणजे बार, पाच फुटी. आता अशी घडवतच नाहीत. तेच विकत घ्यायला तो आला होता, आणि सकाळी आल्या आल्या त्याने सायलेन्सर उतरवून आत बॅटरी मारली होती. पिस्टनची बाजू आरशासारखी, एक ओरखडा नाही. चालू करायच्या दोरीच्या मुठीला धरून मशीन अधांतरी लोंबकळत ठेवलं, तर आपल्याच वजनाने ते एकेक दम घेत, थांबत थांबत खाली उतरलं. म्हणजे कॉम्प्रेशन जागेवर. भाव ठरलेला होता. उचलायचं आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. पण चालू केल्यावर पहिल्याच रेसला त्याने तोंड वाकडं केलं. ओलं लावलंय, म्हणाला, आणि सवयीने स्क्रू पाव फेरा आत घेतला.

ओलं आणि कोरडं. या धंद्याची सगळी अक्कल या दोन शब्दांत मावते. स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल जास्त जातं, मशीन ओलं चालतं, घरघरतं, ताकद थोडी कमी देतं. आत घेतला की पेट्रोल कमी, मशीन कोरडं, आवाज वर चढतो, ताकद भसकन वाढते, गिऱ्हाईक खूश. पण पेट्रोलमध्येच तेल असतं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी. आडवा कापायचा असेल ओंडका तर अर्ध्या मिनिटाचं काम, कोरडं असलं तरी निभतं. उभा चिरायचा म्हणजे पंधरा पंधरा मिनिटं रेस सोडायची नाही. तिथे कोरडं मशीन तिसऱ्या फळीला पिस्टन चिकटवून बसतं. म्हणून चिरायचं मशीन जरा ओलंच ठेवायचं, मोकळं असताना घरघरलं पाहिजे, लाकडात शिरलं की आवाज साफ झाला पाहिजे. हे त्यानेच शिकवलं होतं सगळ्यांना. घरघर किती, ते कान सांगतो.

"लंबूने फार ओलं ठेवलं होतं वहिनी," तो म्हणाला. "पेट्रोल फुकट जातं त्यात."

"जाऊ दे की. तुमच्या खिशातलं जात होतं का?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "तीस वर्षं ते या अंगणात आणि मी त्या खिडकीत. मोकळं असलं की घसा खाकरल्यासारखं करायचं. लाकडात गेलं की घसा साफ. आवाज बदलला की मी हातातलं टाकून बाहेर यायचे. हे तुम्ही जे काय केलंत ना, ते तसं नाही. सुरी फिरतेय कानात."

"बायकांना सगळाच आवाज..."

"बायकांचं राहू द्या." आणि मग ती अगदी सहज, वेळ विचारावी तशी म्हणाली, "तुम्हाला ऐकायला कमी येतं का हो?"

हे मात्र त्याला ऐकू आलं. एकेक अक्षर सुटं सुटं. आजवर कोणी विचारलं नव्हतं. बायकोने नाही विचारलं. बायको दोनेक वर्षांपासून स्वयंपाकघरातून बोलायचं सोडून समोर येऊन बोलायला लागली होती, आणि या गृहस्थाला वाटलं होतं की वय वाढलं तशी बाई मान द्यायला लागली. फोन वाजतो ते ती सांगायची. पोरगी लग्न होऊन गेली, तिचा आवाज फोनवर पुटपुटल्यासारखा यायचा, तर जावई घुमा आहे, त्याच्या घरात राहून पोरगी दबकी झाली असा अर्थ त्याने लावला होता आणि जावयाशी आठ महिने धड बोलला नव्हता. चिमण्या शहर सोडून गेल्या असं तो चारचौघांत ठासून सांगायचा. लोक माना डोलवायचे. आत्ता या क्षणी त्याचं लक्ष त्या बाईच्या मागे कौलांवर गेलं. तिथे चार चिमण्या बसल्या होत्या आणि त्यांच्या चोची उघडमीट करत होत्या.

"छे," तो म्हणाला. "कुठूनतरी हवा ओढत असेल. सील गेलं असेल."

हवा ओढत असली तर मशीन आपसूक कोरडं होतं, त्यात माणसाचा दोष नाही. त्याने ते पुन्हा चालू केलं. रेस दिली, सोडली. हवा ओढणारं मशीन रेस सोडल्यावरही वरच रेंगाळतं. हे नाही रेंगाळलं. शहाण्या बैलासारखं जागच्या जागी येऊन उभं राहिलं. पुन्हा दिली, पुन्हा सोडली. सहा वेळा. बाई दाराला टेकून बघत होती. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. अंगणात लंबूचा शेवटचा ओंडका अर्धा चिरून पडलेला होता, वर चिरायची चौकट तशीच, धूळ खात. "एक हात मारून बघतो," तो म्हणाला, आणि बारला चौकट आवळली. आता दाखवतोच हिला. पाव फेरा आत घेतलेला तसाच. पाच फुटी बार लाकडात शिरला, भुसा पायांवर उडायला लागला, आणि त्याला ते घरघरल्यासारखंच ऐकू येत होतं, जाड, गोल, सुखरूप. हातभर चिरून झाल्यावर त्याने भर रेसमध्येच स्विच मारला आणि प्लग काढला. रेस उतरू न देता बंद केलं की प्लग खोटं बोलत नाही. ओलं असेल तर काळपट निघतो, बरोबर असेल तर सुक्या पानाच्या रंगाचा. निघाला तो पांढरा. खडूसारखा.

प्लग बोटांत धरून तो उकिडवा बसून राहिला. चटका बसत होता तरी सोडला नाही. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी टकल्याचं मशीन असंच पिस्टन चिकटून गेलं होतं. मग त्या जुळ्या भावांचं. दोघांनाही त्याने एकच सांगितलं, तेल घालायला विसरलात. टकल्याने शपथा घातल्या होत्या. जुळ्यांपैकी एक रडकुंडीला आला होता, कारण ते मशीन त्याचं सगळं होतं. आणि तिसरं मशीन त्याचं स्वतःचं, धाकट्याच्या हातातलं. वखारीत चार फूट रुंदीचा ओंडका, बघायला दहा माणसं, सुतार उभा, आणि तिसऱ्या फळीला मशीन दातखीळ बसावी तसं थांबलं. त्याने तिथल्या तिथे सायलेन्सर उतरवला. पिस्टनवर उभे ओरखडे. ज्याने तेल घातलं नाही त्याच्या मशीनवर पडतात तसे. किंवा ज्याने कोरडं लावलं त्याच्या. दुसरं कारण तेव्हा त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आलं नव्हतं? "दादा, हात लावून बघ, तेलकट लागतंय," धाकटा पेट्रोलची कॅन पुढे करत म्हणत होता. "हात लाव ना!" त्याने हात लावला नाही. कॅन हिसकावून घेतली आणि धाकट्याच्या पायांवर उपडी केली. सगळी. "साधं तेल मिसळता येत नाही तर लाकूड कशाला कापतोस? जा, खोकी भर कुठेतरी!" लोक हसले होते. धाकटा पेट्रोलने भिजलेल्या बुटांनी चालत गेला होता. आणि पुढे कोणी त्याला मशीनला हात लावू दिला नाही. बिनतेलवाला म्हणायचे त्याला. दोन वर्षं झाली.

तेल मिसळलेल्या पेट्रोलला निळी झाक येते. पण कॅन सावलीत होती. सावलीत रंग दिसतो कुठे.

"वहिनी," तो वर न बघता म्हणाला, "मी स्क्रू फिरवतो. तुमच्या ओळखीचा आवाज आला की हात वर करा."

 ती पायरीवर येऊन बसली. त्याने प्लग बसवला, चालू केलं, पाव फेरा बाहेर. ती नुसती बघत राहिली. आणखी थोडा. त्याच्या कानाला आता मशीन गुदमरत होतं, आत्ता बंद पडेल असं वाटत होतं, हात आपोआप स्क्रू उलटा फिरवू पाहत होते आणि त्यांना धरून ठेवावं लागत होतं. वरचा चिरका आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. पोचायची ती खालची घरघर. आणि घरघर ऐकली की तो म्हणायचा ओलं आहे, घ्या आत. असं एक नाही दोन नाही, किती मशीनं आत घेतली असतील. आणखी थोडा बाहेर. बाईने हात वर केला. मग तो हात हळूहळू खाली आला आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं. हातभर चिरून त्याने प्लग काढला. सुक्या पानाचा रंग.

मशीन गाडीत टाकताना बाई म्हणाली, "कानाचा डॉक्टर असतो. दाखवा." मग म्हणाली, "यांचेही गेले होते शेवटी. मला विचारून लावायचे."

गाडी सुरू केली तेव्हा तो घरी निघाला होता. निदान त्याला तसं वाटत होतं. सिग्नलला थांबला. मागच्याने हॉर्न वाजवला असेल, आरशात त्याचा हात तेवढा हलताना दिसला. कॅन सावलीत होती, तो स्वतःशी म्हणाला. वखारीचं छप्पर पत्र्याचं. ओंडका छपराखाली होता, मशीन छपराखाली होतं. पण ओतली कुठे? ओतली ती बाहेर, धाकटा मागे मागे सरकत उन्हात गेला होता तिथे. कॅन उपडी केली तेव्हा धार उन्हातून पडली. धार उन्हातून पडली आणि बुटांवर पडली आणि पांढऱ्या मातीत पसरली. या माणसाला वाईट म्हणावं तर तो वाईट नव्हता. आईच्या आजारपणात रात्रंदिवस बसलेला माणूस. पण त्या धारेचा रंग त्याला दिसला होता. धार अर्ध्यावर असतानाच दिसला होता, आणि तरीही त्याने कॅन सरळ केली नाही, उलट शेवटचा थेंब पडेपर्यंत हलवली. कॅनमध्ये काही उरलं असतं तर कोणीतरी बोट बुडवून बघितलं असतं. सिग्नल सुटून परत लाल झाला होता. तो गोदामाच्या रस्त्याला वळला.

धाकटा गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावायचा. फाटकावरच्या माणसाने आत निरोप दिला. तो धावतच आला, हातावर चिकटपट्टीचे तुकडे तसेच.

"काय झालं? घरी वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग?"

"त्या दिवशी तेल होतं."

धाकट्याने फाटकावरच्या माणसाकडे बघितलं, मग याच्याकडे. "हे सांगायला आलास?"

"माझा कान गेलाय. कोरडी लावत होतो मी मशीनं. दोन वर्षं."

"तीन."

"काय?"

"तीन वर्षं!" तो मोठ्याने म्हणाला. "टकल्याचं मशीन तू लावलंस तेव्हा मी दारात उभा होतो. अंगावर काटा आला माझ्या. म्हणून तर मीटर आणला मी, दादा. मला काय हौस होती?"

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला, तुला?" धाकटा हसला. "तुला सांगायचं की तुझा कान गेला? हातातला पाना फेकून मारला असतास. आणि बाहेर सांगितलं असतं तर तू खाल्लं काय असतंस? मी म्हटलं, जाऊ दे, आपण तरुण आहोत, कुठेही पोट भरू. दादाला खरंच वाटलं असेल की मी तेल विसरलो. कान गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार." तो हातावरची एकेक चिकटपट्टी काढत होता. "बायको माझी अजून शिव्या घालते तुला. मी म्हणतो, त्याला कळलं नाही गं."

इथे थांबता आलं असतं. इथे थांबला असता तर धाकटा रविवारी घरी आला असता, जेवला असता, सगळं जागच्या जागी बसलं असतं. मेस्त्रीने फाटकाच्या गजाला धरलं.

"निळं होतं," तो म्हणाला.

"काय निळं?"

"पेट्रोल. ओतताना. उन्हात दिसलं मला. तरी ओतलं."

 धाकट्याचे हात थांबले. आतून कोणीतरी त्याला हाक मारत असावं, कारण फाटकावरच्या माणसाने मान वळवली. धाकट्याने नाही वळवली. तो याच्या शर्टाच्या गुंड्यांकडे बघत राहिला. मग ओठ हलले, पण इतके हळू की मेस्त्रीला काही कळलं नाही.

"काय म्हणालास?"

"जा म्हणालो." आता तो नीट, तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलत होता, जसं बहिऱ्याशी बोलतात. "माझ्याकडे कशाला आलास? मला बिनतेलवाला मी म्हणतो का? जिथे ओतलंस तिथे जा. नुसतं कानाचं सांगून परत येऊ नकोस. ते सगळं सांग." आणि आत गेला. धावत नाही, चालत.

वखारीत दुपारची सुट्टी होती. सातआठ जण ओंडक्यांवर बसले होते, त्यात टकल्या होता, जुळ्यांपैकी एक होता. एक तरणा लाकूडकाप्या मशीन मांडीवर घेऊन बसला होता, तो याला बघून उठलाच. "मेस्त्री! शंभर वर्षं आयुष्य. आत्ताच नाव काढलं. जरा ऐका ना याला, उद्या मोठा ओंडका चिरायचाय." आणि मशीन त्याच्या हातात दिलं. ते हातात बरोबर बसलं. बोटं आपोआप स्क्रूवर गेली. बाकीच्यांनी बोलणं थांबवलं. असंच थांबवायचे नेहमी.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

कोणीतरी काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. त्याला नुसती उघडी तोंडं दिसली. ती मिटेपर्यंत तो थांबला.

"मस्करी नाही. कान गेलाय माझा. तीन वर्षं झाली. टकल्या, तुझं मशीन मी जाळलं, तुझा दोष नव्हता. तुमचंही." जुळ्याकडे त्याने हात केला. "कोरडी लावत होतो. भावाने तेल घातलं होतं."

आता कोणी हसत नव्हतं. टकल्या उठून जवळ आला. शिवी देईल असं वाटलं, पण त्याने याच्या दंडाला धरलं आणि तोंड कानाजवळ आणलं. "मेस्त्री, होतं असं. जन्मभर त्या आवाजात काढलात. तुम्हाला तरी काय ठाऊक? मुद्दाम का केलंत?" जुळाही मान हलवत होता. कोणीतरी ओंडक्यावर सरकून त्याच्यासाठी जागा केली. "बसा, बसा. तुमचा काय दोष त्यात." ते चांगले लोक होते. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती इतकी मऊ होती की त्याचे पाय त्या रिकाम्या जागेकडे वळलेसुद्धा. कान गेलेला मेस्त्री म्हणून इथे मरेपर्यंत बसता आलं असतं. चहा मिळाला असता.

"मी भावाच्या पायावर कॅन ओतली," तो उभ्यानेच म्हणाला, गरजेपेक्षा फार मोठ्याने, कारण आपला आवाज किती आहे हेही त्याला आता कळत नव्हतं. "तुम्ही होतात सगळे. पेट्रोल निळं होतं. तेल होतं त्यात. मी बघितलं. बघून ओतलं, कोणी तपासू नये म्हणून."

टकल्याचा हात दंडावरून निघाला. तरण्या पोराने पुढे येऊन आपलं मशीन त्याच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही. दोन्ही हातांनी धरून, पडू न देता, बोटं एकेक करून सोडवून.